किल्पेकचे जुने चर्च

परदेशी जाणाऱ्याने काय काय पाहावे, याच्या याद्या ठरून गेलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयतां कन्येकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा अशीच एक यादी वहीत उतरवून नेली होती. लंडनचा मनोरा झाला, वेस्टमिन्स्टर झाले, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्डही झाले. परंतु परत आल्यावर शाळेतील मुलांनी विचारले, "सर, तिकडे सर्वांत चांगले काय पाहिलेत?" तेव्हा तोंडून जे नाव निघाले, ते त्या यादीत नव्हतेच. ते होते किल्पेक नावाच्या एका खेड्यातील लहानशा चर्चचे.

कन्या व जावई हेरफर्ड गावी असतात. वेल्सच्या सीमेलगतचा हा इंग्लंडचा पश्चिमेकडील परगणा. माती तांबडी, सफरचंदाच्या बागा, आणि कुरणांत पांढऱ्या तोंडाची तांबूस गुरे. आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला ती माती पाहूनच अर्धे घरी आल्यासारखे वाटते. एके सकाळी कन्या म्हणाली, "बाबा, लहानपणी तुम्ही आम्हांला हलशीची देवळे दाखवायला न्यायचात. आज मी तुम्हांला एक देऊळ दाखवते." हेरफर्डच्या नैर्ऋत्येस सुमारे नऊ मैल गेल्यावर मोठा रस्ता सोडून गाडी एका अरुंद वाटेला लागली. दोन्ही बाजूंना उंच कुंपणे, समोरून वाहन आले तर एकाने मागे सरावे इतकीच रुंदी. वाट संपली तेथे चार घरे दिसली आणि त्यांच्यापलीकडे ते चर्च.

खरे सांगायचे तर प्रथमदर्शनी आमची निराशाच झाली. हेरफर्डचे भव्य कॅथीड्रल आदल्याच दिवशी पाहिले होते. त्याच्यापुढे हे म्हणजे राजवाड्यापुढे धर्मशाळा! ना उंच शिखर, ना मनोरा; पश्चिमेच्या भिंतीच्या माथ्यावर घंटेपुरती एक लहान चौकट, एवढेच. सौ. म्हणाल्या, "एवढ्याशासाठी का इतक्या लांब आलो?" कन्या काही बोलली नाही. तिने आम्हांला हाताला धरून दक्षिणेच्या दारासमोर नेऊन उभे केले. पुढची दोन घटका कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

दाराचे वर्णन करण्यापूर्वी जागेची थोडी हकिकत सांगणे अवश्य आहे. या चर्चचे आवार उंचवट्यावर असून लंबगोल आहे. अशी आवारे नॉर्मन काळापूर्वीच्या केल्टिक धर्मस्थानांची खूण मानली जातात. सहाव्या-सातव्या शतकांत येथे एर्गिंग नावाचे ब्रिटन लोकांचे छोटे राज्य होते, आणि रोमन अमदानीच्या अखेरीस रुजलेला ख्रिस्ती धर्म त्यांनी टिकवून धरला होता. पुढे हा मुलूख आर्चनफील्ड या नावाने इंग्लंडच्या राजाकडे आला, तरी येथील वेल्श लोकांचे रीतिरिवाज निराळेच राहिले. १०८६ साली विजेत्या विल्यमने देशाची जी मोजणी करविली, त्या प्रसिद्ध 'डूम्सडे' दप्तरातही त्या रिवाजांची वेगळी नोंद आहे. राज्य एकाचे, भाषा दुसऱ्याची, आणि दप्तरात दोघांच्याही खुणा! सीमेवर राहणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

१०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन लोक आले आणि त्यांनी इंग्लंड जिंकले. किल्पेक हे ठाणे विल्यम फिट्झ नॉर्मन या सरदाराकडे गेले. सीमेवर जरब राहावी म्हणून मातीची टेकडी उभारून तीवर गढी बांधण्यात आली. चर्चच्या पश्चिमेस ती टेकडी आजही आहे. माथ्यावर भिंतींचे दोन-तीन तुकडे तेवढे उरले आहेत. त्याचा मुलगा ह्यू याच्या कारकिर्दीत, ११४०च्या सुमारास, आज दिसते ते चर्च बांधले गेले आणि लवकरच ग्लॉस्टरच्या मठाला दान देण्यात आले. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती १२०४ सालची. म्हणजे हे चर्च तिच्याहून साठ-पासष्ट वर्षांनी वडील. चर्चला नावे दोन आहेत: संत मेरी आणि संत डेव्हिड. डेव्हिड हे नाव वेल्श परंपरेतले. मूळचा डेव्हिड बहुधा येथलाच कोणी साधुपुरुष असावा. गढीतील मेरीचे प्रार्थनागृह मोडकळीस आले, तेव्हा तिचेही नाव येथे येऊन मिळाले.

या काळातील बांधणीला युरोपात 'रोमनेस्क' म्हणतात. इंग्लंडात तिला 'नॉर्मन' असेही नाव आहे. तिची मुख्य ओळख म्हणजे अर्धवर्तुळाकार कमान. प्राचीन रोमन लोकांची ही कमान पुढील शतकांतील गवंड्यांनी पुन्हा हाती घेतली. पाचरीसारखे घडविलेले दगड लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचीत न्यायचे आणि माथ्यावरचा अखेरचा दगड बसला की साचा काढून घ्यायचा. मग प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो. मात्र ही कमान आपला भार बाजूंना ढकलते. तो पेलण्यासाठी भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि खिडक्या लहान. म्हणून रोमनेस्क वास्तू आत काळोखी आणि बाहेरून घट्ट, गढीसारखी दिसते. टोकदार कमानींची, उंच खिडक्यांची 'गॉथिक' पद्धती त्यानंतरची. कॅथीड्रलमध्ये मान वर करून पाहावे लागते. येथे सारे माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आहे.

आता ते दार. येथील चर्च स्थानिक तांबड्या वालुकाश्माचे आहे. दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन स्तंभ आहेत. बाहेरच्या स्तंभांवर तोंडात शेपूट धरलेल्या सर्पांची रांग वरपासून खालपर्यंत वळसे घेत गेली आहे. आतल्या उजव्या स्तंभावर पानवेलींत गुरफटलेले पक्षी, आणि वर माथ्याला एक मुखवटा, ज्याच्या तोंडातून वेली बाहेर पडत आहेत. आमच्याकडील मंदिरांतील कीर्तिमुखे व मकरमुखे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा चेहरा परका वाटणार नाही. डाव्या आतल्या स्तंभावर दोन योद्धे आहेत. त्यांच्या अंगात सैल विजारी आहेत आणि तेही वेलींत अडकलेले आहेत. दारावरील अर्धवर्तुळाकार फलकावर एक वृक्ष कोरलेला आहे. जाणकार त्याला 'जीवनवृक्ष' म्हणतात. त्याच्यावरच्या कमानीत पशू, पक्षी आणि पुराणकथांतले चमत्कारिक प्राणी ओळीने बसविले आहेत. रेषा इतक्या स्वच्छ की सर्पाचा खवला न् खवला मोजावा. जवळजवळ नऊशे पावसाळे, तेही इंग्लंडचे, या दगडाने काढले, यावर विश्वास बसत नाही.

दारापासून सुरुवात करून आम्ही चर्चला प्रदक्षिणा घातली. छपराच्या वळचणीखाली, भिंतीतून पुढे आलेले दगडी तोडे सर्व बाजूंनी आहेत. मुळात ते नव्वदावर होते. आज पंचाऐंशी उरले आहेत. प्रत्येकावर वेगळे शिल्प! कोठे मेंढा, कोठे डुक्कर. कोठे तोंडात भक्ष्य धरलेले श्वापद. कोठे तंतुवाद्य वाजविणारा वादक. एका तोड्यावर कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून असे बसले आहेत की शिकार कोण आणि शिकारी कोण, याचा दोघांनाही विसर पडावा. धर्मग्रंथातील म्हणावे असे त्यांत फार थोडे. एका ठिकाणी क्रूस धरलेले कोकरू आहे, ते ख्रिस्ताचे प्रतीक. बाकी सारे शेतातले, रानातले, जत्रेतले, आणि थोडे स्वप्नातले.

याच रांगेत एक स्त्रीमूर्ती आहे. तिला 'शीला-ना-गिग' म्हणतात. मोठे डोळे, इवलेसे शरीर, आणि दोन्ही हातांनी उघड केलेले जननस्थान. तिच्यासमोर सौ. क्षणभर थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ही तर आपली लज्जागौरी!" बदामीच्या संग्रहालयात पाहिलेली मूर्ती त्यांना आठवली होती. रा. चिं. ढेरे यांचे 'लज्जागौरी' ज्यांनी वाचले आहे, त्यांच्याही मनात हेच येईल. या दोन मूर्तींचा काही संबंध आहे असे आम्ही सुचवीत नाही. या स्त्रीमूर्तीच्या अर्थाविषयीही विद्वानांत मतभेद आहेत. कोणी तिला कामवासनेपासून सावध करणारी मानतात, कोणी सुफलतेची, तर कोणी दृष्ट टाळणारी. परंतु एवढे खरे की ज्यांनी तिला देवाच्या घराच्या भिंतीवर जागा दिली, त्यांना तिची लाज वाटली नाही आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांनीही तिला तेथून काढून टाकले नाही.

पश्चिमेच्या भिंतीतून आ वासलेल्या मगरींसारखी व्यालमुखे पुढे आलेली आहेत, जिभा वेटोळलेल्या. ही घडण उत्तरेकडील समुद्रपर्यटक व्हायकिंगांच्या कोरीव कामाची आठवण देते. नॉर्मन लोकांचे पूर्वज तेच होते. वेलींची गुंतागुंत सॅक्सन आणि केल्टिक वळणाची, कमान रोमन वंशाची. आत गेल्यावर आणखी एक धागा सापडतो. सभागृह आणि वेदीकडील भाग यांच्यामधील कमानीच्या दोन्ही बाजूंस एकावर एक अशा तीन-तीन संतांच्या मूर्ती स्तंभाला चिकटून उभ्या आहेत. एकाच्या हाती किल्ल्या आहेत, तो संत पीटर. मूर्तींचे असे उभे स्तंभ स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या महाक्षेत्राच्या दक्षिणद्वारी आहेत. ते येथवर कसे आले, याची एक कथा आहे. ती पुढे येईल.

चर्चची रचना सरळ आहे: लोकांना बसण्याचे सभागृह, मग पाद्रींचा भाग, आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा. कार्ल्याचे चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मागील बाजूची ती गोलाई चटकन डोळ्यांपुढे येईल. गाभाऱ्याला तीन लहान खिडक्या आहेत. छताला नागमोडी नक्षीच्या दगडी फासळ्या असून त्या मध्यभागी जेथे मिळतात, तेथे प्राण्यांची मुखे कोरली आहेत. दाराजवळ बाप्तिस्म्याचे मोठे दगडी कुंड आहे. आत एक वृद्ध बाई वेदीसाठी फुले रचीत होत्या. त्यांनी आमची विचारपूस केली आणि हसून म्हणाल्या की पाहुणे सारे बाहेरूनच पाहून जातात, आत येणारे थोडे. आम्ही दानपेटीत यथाशक्ती टाकले आणि बाकावर थोडा वेळ बसून राहिलो. कोणत्याही धर्माचे असो, ज्या जागेत इतकी वर्षे लोकांनी आपली सुखदुःखे आणून ठेविली, तेथील शांतता निराळीच असते.

मनात प्रश्न एकच होता. हे सारे टिकले कसे?

उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. चौदाव्या शतकानंतर या भागाला उतरती कळा लागली. इतर ठिकाणी संपन्न गावांनी आपली जुनी चर्चे पाडून नव्या गॉथिक धर्तीची मोठी चर्चे बांधली. किल्पेकपाशी तेवढा पैसा नव्हता. गढी ओस पडली. मात्र गावात जे राहिले, त्यांनी रविवारची प्रार्थना मोडली नाही आणि छप्पर गळू दिले नाही. दक्षिणेच्या दारापुढे कोणी लाकडी पडवी घातली होती. तिच्या आडोशाने ते कोरीव काम अनेक वर्षे ऊनपावसापासून झाकलेले राहिले. लोकांना दार नीट दिसावे म्हणून १८६८ साली ती पडवी काढण्यात आली. पुढे सुमारे शंभर वर्षांनी पावसाचे पाणी कमानीवर ओघळू नये म्हणून वरच्या अंगाला एक अरुंद पट्टी बसविली. ती इतकी साधी आहे की सांगितल्यावाचून लक्षातही येत नाही. जी. आर. लुईस नावाच्या चित्रकाराने १८४२ साली या चर्चचे एक-एक शिल्प रेखाटून ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वेळोवेळी दुरुस्त्याही झाल्या. पण मूळचा दगड मूळच्या जागी राहू देऊन.

आता ती दुसरी कथा. हेरफर्डच्या उत्तरेस, लेम्स्टरजवळ, शॉब्डन म्हणून गाव आहे. बाराव्या शतकात तेथील ऑलिव्हर दे मर्लिमंड या कारभाऱ्याने सांतियागोची यात्रा केली आणि परतल्यावर आपल्या गावी एक चर्च बांधविले. वाटेत जे पाहिले ते त्याच्या, किंवा त्याच्या कारागिरांच्या, डोळ्यांत भरले असावे. या कारागिरांच्या परंपरेला आज 'हेरफर्डशायर संप्रदाय' म्हणतात. किल्पेक हे त्यांचेच काम; अर्डिस्ली आणि कॅसल फ्रोम येथील बाप्तिस्म्याची कुंडेही त्यांचीच. त्यांतील एकाचेही नाव मागे राहिले नाही.

शॉब्डनचे चर्च किल्पेकच्या तोडीचे होते. परंतु अठराव्या शतकाच्या मध्याला तेथील धनिक घराण्याला नव्या फॅशनचे चर्च हवेसे वाटले. जुने पाडले गेले. ते कोरीव काम त्यांना आवडत नव्हते असे नव्हे; उलट आवडत होते म्हणूनच मधली कमान आणि दोन दारे काळजीपूर्वक सोडवून जवळच्या टेकडीवर शोभेसाठी उभी केली. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. लुईसने १८५२ साली त्यांचीही चित्रे प्रसिद्ध केली; त्या चित्रांत जे दिसते, त्यातील पुष्कळसे आज दगडावर नाही. पाऊस आणि हिमाने मूर्तींचे चेहरे धुऊन नेले आहेत. पुढच्या रविवारी आम्ही तेथेही गेलो. दाराच्या फलकावर ख्रिस्त आहे हे ठाऊक होते म्हणूनच तो दिसला. एकाच हाताची, एकाच काळची, एकाच दगडाची ही दोन कामे: एक गरिबांच्या पडवीत राहिले, दुसरे श्रीमंतांच्या कौतुकात गेले.

त्या टेकडीवर उभे असताना आम्हांस आपलेच गाव आठवले, आणि ते सुखाने आठवले नाही. आमच्या गावी काळ्या दगडाचे एक जुने देऊळ आहे. त्याच्या द्वारशाखेवर वेलबुट्टी आहे, हंसांची ओळ आहे. वीस वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराची टूम निघाली. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक, उत्साह दांडगा! वर्गणीच्या पावत्या आम्हीच फाडल्या. द्वारशाखेला पिवळा आणि हिरवा तैलरंग लावण्याचा ठराव झाला, त्याला अनुमोदनही आम्हीच दिले, आणि सुटीच्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांना ब्रश देऊन ते काम करून घेतले. देऊळ 'चकाचक' झाले म्हणून सर्वांनी पाठ थोपटली. आज त्या रंगाच्या पुटांखाली हंसांच्या चोची बुजून गेल्या आहेत. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. शॉब्डनच्या धनिकांचाही नसेल.

परत आलो तो पंचमंडळींची बैठक ठरलेलीच होती. आता जुना सभामंडप उतरवून तेथे सिमेंटचा नवा, प्रशस्त मंडप घालण्याचा बेत आहे. गावाची वस्ती वाढली, उत्सवाला जागा पुरत नाही, हे खोटे नाही. आम्ही किल्पेकची छायाचित्रे बरोबर नेली होती. ती एकेकाच्या हाती दिली. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, ते साहेबाचे गाव. आपल्याला कसे जमणार?" आम्ही सांगितले की त्या गावाला काही जमले नाही म्हणूनच ते वाचले, आपल्याला जमते आहे, हीच अडचण आहे. थोडे हसणे झाले. मग आम्ही रंगाची गोष्ट काढली आणि ती चूक आमची होती, हे प्रथमच चारचौघांत बोलून दाखविले. बैठक निर्णयावाचून उठली. नवा मंडप देवळाला न लावता बाजूच्या मोकळ्या जागेत घालता येईल का, हे पाहण्यासाठी एक वर्ष थांबावे, इतके तूर्त ठरले आहे.

एक वर्ष म्हणजे फार नव्हे. दरम्यान शाळेतील नववीच्या मुलांना आम्ही एक काम दिले आहे. दर शनिवारी दोघा-दोघांनी देवळात जाऊन एकेका खांबाचे, एकेका शिल्पाचे चित्र वहीत काढून आणायचे. जी. आर. लुईस हा काही मोठा अधिकारी नव्हता. तो पेन्सिल घेऊन दगडासमोर बसला, इतकेच. मागच्या शनिवारी एका मुलीने द्वारशाखेचे चित्र आणले. रंगाच्या थरातून बोटांनी चाचपून तिने हंस मोजले होते. म्हणाली, "सर, अकरा आहेत. तुम्ही नऊ सांगितले होते."